उलटे चौदा

धंतोलीत, दुसऱ्या मजल्यावर,
कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास
आणि खुर्च्यांवर आम्ही अकरा जणी.
कोणीच कोणाच्या तोंडाकडे बघत नाही.
चपला मात्र मी सगळ्यांच्या बघितल्या.

दोन वर्षं मी चौदाव्या दिवसाची नोकरी केली.
दुधाच्या हिशेबाचं कॅलेंडर, दाराच्या मागे.
दुधाचा खाडा गोल, माझा दिवस फुली.
सासूबाईंनी विचारलं, "हे फुली कायची व, वैजू?"
म्हटलं, दूध पातळ आलं त्या दिवसाची.
त्या दूधवाल्याशी भांडल्या.

चौदाव्या दिवशी हेमराजची नाइट निघाली
की तो गजभियेला फोन लावायचा,
"भाऊ, आज माझी ड्यूटी करून घे ना,
घरी काम आहे."
कोराडीच्या कंट्रोल रूममध्ये
आकड्यांवर डोळे ठेवून
गजभिये आमच्या रात्री जागायचा.
त्याला वाटायचं, आम्ही घर बांधतोय.
एकदा विचारलंही त्यानं, "स्लॅब पडला का गा?"

घरी काम आहे.
झालंच होतं ते कामासारखं.
आधी दार, मग दिवा,
मग पाय भिंतीला लावून मी वीस मिनिटं छताकडे,
मामेबहीण म्हणाली होती, सांडू द्यायचं नाही,
आणि तो शेजारी, मोबाइलवर टायमर लावून.
सुरुवातीला आम्ही हसायचो.
नंतर नंतर फक्त टायमर वाजायचा.

मुक्तेवार डॉक्टरबाईंनी विचारलं, पाळी किती दिवसांनी?
तेहतीस. कधी चौतीस.
नियमित?
उशिरा, पण नियमित.
त्यांनी माझ्याच फाइलच्या पाठीवर रेघ ओढली,
दोन्ही टोकांना दोन ठिपके,
आणि चौदा मोजले, शेवटाकडून.
पेन एकोणिसावर थांबलं.
"चौदा इकडून नाही, बाई. तिकडून.
पुढची पाळी येते तिथून उलटे.
आणि तेही अंदाजानं, शरीराला घड्याळ कळत नाही."

डॉक्टरबाई बोलत होत्या.
माझ्या डोक्यात गजभिये.
बिचाऱ्याच्या नऊ रात्री.

मग मीच विचारत सुटले.
रोज केलं तर पातळ होतं का? नाही.
नंतर बाहेर येतं ते वाया जातं?
नाही, जायचे ते कधीच वर गेलेले असतात.
आणि भिंतीला पाय?
"भिंत मळते."
मग ते सांगितलं, जे आईलाही सांगितलं नव्हतं:
मधल्या दिवसांत येतं ते बुळबुळीत,
अंड्याच्या पांढऱ्यासारखं, बोटांत तार धरणारं,
मी रोग समजून दोनदा मेडिकलमधून क्रीम आणलं.
त्या पहिल्यांदा हसल्या.
"निरोप होता तो. तुम्ही निरोप्यालाच औषध लावलं."

अंडं जेमतेम एक दिवस थांबतं.
शुक्राणू तीन दिवस, कधी पाचही,
आधी जाऊन आत वाट बघत बसतात.
हे ऐकून मला फार बरं वाटलं, का कोण जाणे.
लवकर येऊन बसलेल्याचंही चालतं.
एकाच रात्रीवर सगळं नसतं.

"आणि मिस्टरांची तपासणी?"
या प्रश्नाला आमच्या घरात
आजवर कोणी बसायलाही म्हटलं नव्हतं.

संध्याकाळी झिरो माइलच्या सिग्नलला
मी सांगितलं ते त्याच्या पाठीला.
हेल्मेटमधून पोचलं की नाही, कळेना.
लाल आकडे उलटे उतरत होते,
एकेचाळीस, चाळीस,
गरम हवा सलवारीतून वर येत होती.
सव्वीसला तो म्हणाला,
"बुधवारी माझा ऑफ आहे.
रिकाम्या पोटी लागते का?"
नाही म्हटलं. दोन-तीन दिवस आधी
फक्त जवळ यायचं नाही.
"म्हणजे सुट्टीच," तो म्हणाला,
आणि त्याची पाठ हलली, हसताना हलते तशी.

हिरवा झाला. मागून ऑटोचा हॉर्न.
थोडं पुढे गेल्यावर मान वळवून म्हणाला,
"गजभियेला काय सांगू मग?"
सांग,
नकाशाच उलटा धरला होता.